इराणच्या बाजूचे काका

मॅरेथॉन हा शब्द कुणी आनंदाने उच्चारला की इराणीकाका दुखावले जायचे. खरोखर दुखावले जायचे, हातातला चहाचा कप खाली ठेवायचे. "अगं, आपली माणसं मेली तिथे," म्हणायचे. आपली म्हणजे इराणची! काका मूळचे पेणचे, नोकरी मस्कतला कुरुममधल्या एका विमा कंपनीत, आणि इराण त्यांनी पाहिला तो फक्त नकाशात. पण अडीच हजार वर्षांपूर्वी मॅरेथॉनच्या मैदानावर ग्रीक आणि इराणी लढले, इराणी हरले आणि सगळं जग ग्रीकांच्या बाजूला जाऊन बसलं, हे काही त्यांना सहन व्हायचं नाही. दुसऱ्या बाजूला कुणीतरी नको का? म्हणून हे एकटे. खरं आडनाव विचारलं असतं तर आमच्या वॉचमनलाही सांगता आलं नसतं.

मी लग्न होऊन मस्कतला आले तेव्हा शेजारी म्हणून त्यांनी चहाला बोलावलं. मला वाटलं, भाजी कुठे चांगली मिळते ते सांगतील. सांगितलं काय, तर इराणी आरमार! काका ऑफिसात जहाजांच्या नुकसानीचे दावे तपासायचे, त्यामुळे इतिहासही त्यांनी तसाच तपासलेला. "वादळात इराणची जहाजं फुटली. वादळात! यात ग्रीकांचं कर्तृत्व काय? माझ्याकडे आला असता तर हा क्लेम मी दुसऱ्या दिवशी पास केला असता." समुद्रावर बांधलेला पूल वाहून गेला म्हणून इराणच्या राजाने समुद्राला फटके मारायला लावले, यावर लोक हसतात. काका हसायचे नाहीत. "आमचा मॅनेजर प्रिंटरला लाथा घालतो. त्याला कुणी वेडा म्हणतं? उलट बोनस मिळतो."

एकदा मी धीर करून विचारलं, "पण काका, चालून गेले ते इराणीच ना? ग्रीक बिचारे आपल्या घरात होते."

"बिचारे? आधी आपलं सार्डिस शहर कुणी जाळलं?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "आणि ही सगळी हकिगत तुला सांगितली कुणी? ग्रीकांनीच ना? दोन बायकांच्या भांडणात तू एकीलाच विचारून मोकळी होतेस का?"

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "नीलम, नाद सोड. खालच्या मजल्यावरचा आमच्या पार्किंगमध्ये वर्षभर गाडी लावतोय, त्याला हे एक शब्द बोललेले नाहीत." काकांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग आमच्या मराठी मंडळाला सुरसुरी आली. कुरुमच्या किनाऱ्यावर मिनी मॅरेथॉन घ्यायची! काकांची मुलगी ईशा तेव्हा बारावीत होती. तिच्या सगळ्या मैत्रिणींनी नावं दिली, तिनेही दिलं. त्याच हिवाळ्यात काकांची नोकरी खलास होणार हे ठरलं होतं. त्यांच्या जागी एक तरुण ओमानी माणूस येणार होता आणि त्याला काम शिकवायचं कामही काकांकडेच आलं होतं. परीक्षा झाली की बिऱ्हाड पेणला जाणार, म्हणजे ईशाची मैत्रिणींबरोबरची ही शेवटचीच मजा. काका मात्र म्हणाले, "माझ्या घरातून मॅरेथॉनला कुणी जाणार नाही." काकूंनी कपाळावर हात मारला.

एवढ्यावर थांबतील तर ते इराणीकाका कसले! मंडळाच्या बैठकीत गेले आणि नाव बदला म्हणाले. "लोकांच्या पराभवाच्या नावाने तुम्ही वडापाव खाणार?" झालं, बैठकीत दोन तट पडले. वडापावचा स्टॉल ज्यांना मिळाला होता ते ग्रीकांकडून बोलले, ज्यांना मिळाला नव्हता ते इराणकडून. अध्यक्षांना घाम फुटला. इराणच्या वकिलातीला कळवावं लागेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी खजिनदार म्हणाले, "टी-शर्ट छापून आलेत." बैठक संपली.

संध्याकाळी मी काकूंचा डबा परत द्यायला गेले, तर बापलेक समोरासमोर बसलेले. ईशाचं मराठी अडखळायचं, इंग्रजीत ती फाडफाड बोलायची, पण त्या दिवशी ती मराठीतच बोलली. "बाबा, मी रन नाही केलं तर तुमचे ते लोक... परत जिवंत होतात का?"

काका टेबलावरचा पेपर सरळ करत बसले.

"मला सगळ्यांबरोबर एकदा धावायचंय. नंतर मला कोण भेटणार आहे?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "जा," म्हणाले. "पण मी बघायला येणार नाही."

आले. न येऊन सांगतात कुणाला! शेवटच्या वळणावर मयताला आल्यासारखा चेहरा करून उभे होते. मुलंमुली धापा टाकत येत होती, टाळ्या वाजत होत्या, बक्षिसं सुरू झाली, स्टॉल आवरायला लागले, तरी ईशाचा पत्ता नाही. मग ती दिसली. अर्ध्या वाटेत पाय मुरगळलेला, लंगडत, रडत, एकटीच येत होती. मी पुढे व्हायच्या आत काका रस्त्यावर उतरले. पायात ऑफिसचे बूट, पोट सांभाळत तिच्या शेजारी धावायला लागले. "चल बेटा, यल्ला, थांबू नकोस!"

"बाबा, मी लास्ट आहे."

"लास्ट?" काकांना श्वास पुरत नव्हता. "मग आपल्याच बाजूची की गं तू!"

दोघं तशीच शेवटच्या रेषेपर्यंत गेली. नोकरी गेल्याचं कळलं तेव्हाही काकांच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मुलीच्या खांद्यावर डोकं टेकवून ते भर रस्त्यात हमसून हमसून रडले, आणि अख्खं मराठी मंडळ समुद्राकडे बघत उभं राहिलं.

एप्रिलमध्ये ते पेणला गेले. आता शेजारी एक नवं जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, अगदी शांत. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लढाईवरून माझ्याशी भांडायला कुणी नाही आणि मला करमत नाही.