आमच्या अत्तीचं गोत

विद्यापीठाला आमच्या घराण्यानं एक मोठा शोध दिला, हे माझ्या नातवंडांना खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, म्हातारी रंगवून सांगते. रंगवून मी सांगतेच, पण या गोष्टीला माझ्या रंगाची गरज नाही.

मी तेव्हा नुकती मॅट्रिक झाले होते आणि आपल्याइतकं शहाणं सोलापुरात कोणी नाही अशी माझी खात्री होती. भवानी पेठेत आमचं सुताचं दुकान. गिऱ्हाइकाशी मराठी बोलायचं. घरात रागवायचं, लाड करायचे, देवाला नवस बोलायचा तो कानडीत. मला त्या कानडीची भारी लाज. शाळेत पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या, त्यांची मी हुबेहूब नक्कल करायची. मराठी बोलले तरी घरात सगळे 'पानी' म्हणायचे. मी 'पाणी' म्हणताना तो ण टाळूवर असा आपटायची की अप्पा, म्हणजे माझे वडील, दचकून वर बघायचे.

मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. अप्पांना मला अक्कलकोटच्या एका भुसार दुकानदाराच्या घरात द्यायचं होतं. मी रडले, अबोला धरला, उपास केला. उपास दुपारपर्यंत टिकला. शेंगाचटणीचा वास आला आणि माझं बंड तिथंच संपलं.

अशात एक प्रोफेसर आमच्या दुकानात आले. कुठल्या विद्यापीठाचे ते सांगत नाही, माणसं अजून भली आहेत तिथं. दक्षिणेकडच्या घराण्यांची कुळं, गोतं, देव यांचा ते अभ्यास करत होते. बायका परक्या पुरुषाशी बोलत नाहीत, म्हणून त्यांना प्रश्न विचारायला एक शिकलेली मुलगी हवी होती.

"पोरगी हाय की आमची. मॅट्रिक हाय," अप्पा म्हणाले. "तुमी बगा तिचं काम. शिकायच्या लायकीची हाय म्हनालात तर पुन्याला धाडतो. न्हायतर अक्कलकोट हायच."

झालं. माझं सगळं आयुष्य त्या गृहस्थांच्या जिभेवर जाऊन बसलं.

त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "मुली, तुला कानडी येतं का?"

बिचारे मोठ्या आशेनं विचारत होते. पण मी मान उडवून म्हटलं, "छे हो! आमच्या घरात कानडीचा गंधही नाही."

त्यांचा चेहरा पडला. तो आदर आहे असं मला वाटलं. नेमकी तेव्हाच आतून आमच्या अव्वाची, आईची, इकडं ये म्हणून हाक आली, "ए हुडुगी, इल्ली बा!"

"या कोण?" प्रोफेसरांनी विचारलं.

"आमची स्वयंपाकीण," मी म्हटलं.

रात्री अव्वानं सगळ्यांना वाढलं आणि माझ्या ताटापाशी येऊन भाकरीची दुरडी खाली ठेवली. "स्वयंपाकीन दमली आज. तुजं तू घे वाढून."

अभ्यासाला सुरुवात घरातूनच झाली. अप्पांची विधवा बहीण, आमची अत्ती, अक्कलकोटच्याही पलीकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आलेली. तिचं मराठी भाजीवालीपुरतं. प्रोफेसर खुर्चीवर बसले, अत्ती जमिनीवर शेंगा सोलत बसली आणि मी मधोमध उभी राहून विचारलं, "आत्याबाई, आपले गोत्र कोणते?"

मला ताप चढलाय की काय अशा नजरेनं अत्तीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गोत्तिल्ला."

कानडीत याचा अर्थ एवढाच, की माहीत नाही.

"गोत, तिल्ला!" प्रोफेसर खुर्चीतून अर्धे उठले. "तिल्ला गोत! कुठंच नोंद नाही याची. मूळ गाव विचार."

"आपले मूलस्थान?"

"गोत्तिल्ला."

"गोताच्याच नावाचं गाव! आता दैवत."

"आपले उपास्य दैवत?"

अत्तीच्या गळ्यात शिवाचं लिंग होतं. साध्या शब्दांत विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण 'उपास्य' ऐकून, मी आता तिलाही उपास करायला लावतेय असं तिला वाटलं. माहीत नाही म्हटलं ना, अशा अर्थानं ती ओरडली, "गोत्तिल्ला अंदे की!"

"पाहिलंस?" प्रोफेसर कुजबुजले. "देवाचं नाव घेताना आवाज कसा चढला! श्रद्धा म्हणतात ती ही."

आता मी बोलायला नको होतं का? पण बोलले असते तर कानडी उघडी पडली असती आणि स्वयंपाकीण आई निघाली असती. शिवाय मला वाटलं, एवढे विद्वान लोक आहेत, त्यांचं ते शोधून काढतील.

काढलं की त्यांनी शोधून! प्रोफेसरांनी विद्यापीठात निबंध वाचला आणि तिल्ला गोत सगळ्या खात्यांत पसरलं. भाषेच्या प्राध्यापकांनी तिल्ला हा शब्द तिळापासून काढला. शेतीच्या प्राध्यापकांनी तिळाचं पीक आणि आमचे लोक यांचा नकाशा काढला. जिथं दोन्हींचा मेळ बसेना तिथं पूर्वी दुष्काळ पडला असणार असं लिहून टाकलं. इतिहासवाल्यांना कुठल्याशा शिळेवर 'ति' सापडला. पुढचं अक्षर फुटलेलं होतं, म्हणून ते 'ल्ला' असायला कोणाची हरकत नव्हती. प्रोफेसरांनी हे सगळं अप्पांना कळवलं आणि अप्पा गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आमी जुने तिल्ला हाओत." सुताचा भावही त्यांनी थोडा वाढवला.

मग एके दिवशी ही सगळी खाती अत्तीच्या दर्शनाला सोलापुरात उतरली. अप्पांनी सतरंजी अंथरली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज साहेबांना तुजं इचारतो. आज काय ते ठरंल."

आलेल्यांत डोक्यांची मापं घेणारे एक गृहस्थ होते. त्यांनी पिशवीतून मोठा लोखंडी चिमटा काढला आणि अत्तीच्या कपाळाला लावला.

"टोपी शिवनार काय हा?" अत्तीनं विचारलं. तेवढं मराठी तिला येत होतं.

"कवटी तिळासारखी निमुळती आहे," ते गृहस्थ म्हणाले. "चेहऱ्याचा साचा घ्यावा लागेल. तोंडावर प्लास्टर थापू."

अत्तीनं घाबरून मला कानडीत विचारलं, हा काय म्हणतोय? आणि मी, सोलापुरातली सर्वांत शुद्ध मराठी बोलणारी मुलगी, फडाफडा कानडीत बोलून गेले. तोंडावर चुना थापणार म्हणतोय, तू आत पळ! अत्ती पळाली. चिमटा तिच्या अंबाड्यात अडकून तिच्याबरोबर गेला.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी प्रोफेसरांना दुकानात ओढून नेलं.

"सर, गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही."

"तुला माहीत नाही, ते ठीकच आहे. आपण तेच तर शोधतोय."

"तसं नाही सर. गोत्तिल्ला म्हणजे, माहीत नाही."

"अगं, मलाही पूर्ण माहीत आहे असं मी कुठं म्हणतो?"

"सर, अत्तीला तुमचा प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, माहीत नाही. कानडीत 'माहीत नाही'ला गोत्तिल्ला म्हणतात."

प्रोफेसर सुताच्या गठ्ठ्यावर बसले. आतून भाषेचे आणि इतिहासाचे प्राध्यापक तिळावरून वाद घालताना ऐकू येत होते.

"हे आणखी कोणाला ठाऊक आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"अक्कलकोटपासून पुढं सगळ्यांना."

"आणि विद्यापीठात?"

"विद्यापीठात कोणाला ठाऊक नसावं."

तेवढ्यात अप्पा आले. त्यांना दम निघत नव्हता. "मग साएब? पोरगी लायकीची हाय का? न्हायतर अक्कलकोटवाल्यांना होकार कळवतो."

ज्यांचं मी आत्ताच होत्याचं नव्हतं केलं, त्यांनीच माझी शिफारस करायची होती.

"अक्कलकोट?" प्रोफेसर ताडकन उठले. "मुळीच नको! तिथं ही काय काय बोलेल... म्हणजे, तिथं हिच्या बुद्धीचं चीज होणार नाही. अहो, हिला विद्यापीठातच घेतलं पाहिजे. लवकरात लवकर!"

अप्पांची छाती फुगली. ते पेढे आणायला गेले, तसे प्रोफेसर माझ्याकडे वाकले. "संस्कृत घे, गणित घे, हवं तर डॉक्टर हो. कानडी तेवढं घेऊ नकोस."

मी कानडीच घेतलं. हा विषय तरी आपल्याला न शिकता येतो, असा माझा हिशेब. पहिल्याच परीक्षेत मी कानडीत नापास झाले. पेपर तपासणाऱ्यांनी शेरा मारला होता: भाषा अशुद्ध व घरगुती.

सुटीत घरी येऊन मी रडत रडत ते अत्तीला सांगितलं. ती पोट धरून हसली. मग आपल्या कानडीत म्हणाली, "घरात शिकलीस, मग घरगुतीच येनार की! आनि असं कर, ते पेपर तपासनारे कोन साएब हायत ना, त्यांना म्हनावं एकदा इकडं या. मी इचारते त्यांना चार प्रश्न."