सातानं, अकरानं आणि तेरानं जाणारी म्हैस

मोठा आकडा दिसला की भागाकार आबांना तो फोडून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. कुंभार पिंपळगावात ते आमचे शेजारी. शिक्षण सातवी, गोठ्यात चार शेळ्या आणि एक म्हैस. सरपंचांनी हट्टाने नव्या गाडीला ११११ नंबर मिळवला, तेव्हा पेढा तोंडात असतानाच आबा म्हणाले, "अकरा गुणिले एकशेएक. बाहेरून चौघं, आतून दोघंच." सरपंचांनी दुसरा पेढा पुढे केला नाही.

मूळ संख्येबद्दल, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या संख्येबद्दल, त्यांना आदर होता. गुरांच्या डॉक्टरांच्या मोटारसायकलचा नंबर ९९७३. "चार आकड्यांतला शेवटचा मूळ. कोणालाच आत घेत न्हाई. बिलकुल आमच्या मेव्हण्यावानी."

आकडा पाठ करणे मात्र त्यांना कमीपणाचे वाटे. "पाठ काय करायचा? कशाकशानं भाग जातो तेवढं ध्यानात ठेवावं."

हे तत्त्व एकदा अंगाशी आले. म्हैस चरता चरता भरकटली आणि चौथ्या दिवशी आष्टीच्या एका शेतकऱ्याच्या दावणीला सापडली. घरातले दूध तिच्यावरच. तिच्या कानात बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला होता. नोंदीचा कागद शेळीने खाल्ला होता. निघताना आबांच्या बायको, काकू, म्हणाल्या, "नंबर पाठ न्हाई, त्याचे सोयरे पाठ! म्हैस आणल्याबिगर घरात येऊ नका."

मोटारसायकल माझी, म्हणून मीही गेलो. शेतकरी सरळ माणूस होता. बिल्ल्यावर हात ठेवून म्हणाला, "नंबर सांगा, म्हैस सोडा."

"सातानं जातो, अकरानं जातो, तेरानं जातो."

"आबा, म्या नंबर इचारला. पाढे न्हाई."

"मंग तुम्हीच पाहा. सात, अकरा, तेरा गुणले की एक हजार एक, म्हणून तीन-तीन आकड्यांचे चार तुकडे करा. पहिला-तिसरा मिळवा, दुसरा-चौथा मिळवा. बराबर न्हाई आलं तर म्हैस तुमची."

शेतकऱ्याने मोबाइल काढला. बिल्ल्यावर होते १६०७४२९१३३३१. एकशेसाठ आणि नऊशे तेरा: एक हजार त्र्याहत्तर. सातशे बेचाळीस आणि तीनशे एकतीस: तेवढेच.

"हे कोणत्याबी म्हशीचं येत असंल," तो म्हणाला आणि स्वतःच्या म्हशीचा बिल्ला पाहिला. जमले नाही. दुसरीचाही नाही.

"हजारात एखादीच निघती," आबा म्हणाले. त्याने दावे सोडले आणि चहा मागवला.

आबा मागच्या उन्हाळ्यात गेले. तेराव्याला आष्टीचा तो शेतकरी आला. जेवण झाल्यावर त्याने खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर त्याच्या म्हशीचा नंबर होता.

"आबांला इचारायचं राहूनच गेलं. हिच्या आत कोण हाय?"

मी कागद-पेन घेऊन बसलो. सातानं गेला नाही, अकरानं नाही, तेरानं नाही. सतरापाशी माझा हातचा चुकला.

"मंग मूळ समजायचा का?" त्याने विचारले.

"माहीत नाही," मी म्हणालो. "माझा धीर सतरापर्यंतच."

त्याने चिठ्ठी घडी करून पुन्हा खिशात ठेवली. आता ती दाखवायला कोणी नव्हते.