नावं पारखणाऱ्या वन्सं

आमच्या वन्संचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे. पोदेराने दारात आणलेला पाव त्या दाबून बघत, दुधात बोट बुडवून बघत. आणि नव्या बाळाचं नाव कानावर आलं की चोर घरात शिरल्यासारख्या विचारत, "ह्या खंयचां? कोणाक विचारून हाडलास?"

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. आमचं घर डिचोलीत, त्यांचं सासर हरमलला. तिथे घरामागच्या खोल्या त्या परदेशी पाहुण्यांना भाड्याने देत. भावांच्या सगळ्या मुलांची आत्या त्याच, त्यामुळे बारशाला कानात नाव सांगायचा मान त्यांचा. पण तपासल्याशिवाय एकही नाव त्या पाळण्यापर्यंत पोचू देत नसत.

तपासणी पाहुण्यांकडून व्हायची. मोठ्या जावेच्या मुलीचं नाव मीरा ठरलं, तेव्हा वन्संनी खोलीतल्या रशियन बाईला चहा नेऊन दिला आणि हातवारे करून विचारलं. ती खूश होऊन म्हणाली, आमच्याकडेही मीरा असते, मीरा म्हणजे शांती. दुसरं कोणी असतं तर त्याला बरं वाटलं असतं. वन्सं म्हणाल्या, "आमची मीरा ह्यांनी कधी नेल्यानी?"

मला मुलगी झाली तेव्हा धाकट्या भावजींनी पणजीहून मोबाईलवर नाव शोधून पाठवलं, कियारा. सगळ्यांना आवडलं. पण मोबाईलवर एके ठिकाणी अर्थ होता उजेड आणि दुसऱ्या ठिकाणी काळी. वन्सं पहिल्या बसने आल्या.

"एक उजेड म्हणता, एक काळोख म्हणता. दोघांतलो एक फट मारता."

भावजी फोनवर म्हणाले, "कोणी खोटं बोलत नाही, ताई. एक नाव इटलीचं, एक आयर्लंडचं. आपल्याकडे येऊन दोन्ही सारखीच झाली."

"मगे आमच्या चेडवाक खंयच्या देशाचां म्हणान हाक मारूची?"

"तू बारशाला येणार की चौकशीला?"

"दोनांकय."

माझ्या मनात वेगळंच होतं. माझी आई त्याच पावसाळ्यात गेली होती. तिचं नाव शेवंती. तेच नाव मुलीला असावं असं मला फार वाटे, पण ह्या घरात सुनेच्या माहेरचं नाव कधी कोणी ठेवलं नव्हतं आणि चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. वन्संनी विचारलं, "तुज्या मनात काय आसा?" मी म्हटलं, "तुम्ही ठरवाल ते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या दुधाकडे बघत.

त्यानंतर बारसं होईपर्यंत त्या परत हरमलला गेल्याच नाहीत. मला वाटलं, कियाराला खोटं पाडून वन्संना आपल्या आईचं, म्हणजे माझ्या सासूचं नाव घालायचं आहे. कधी मागच्या दाराबाहेर त्यांच्या चपला दिसत, पण त्या आत येत नसत. मी बाळाच्या तेलात काय घालते हे बघायला येत असतील, असं धरून मी दार लोटून घेत असे.

बारशाला भिंतीवर सोनेरी कागदाच्या अक्षरांत कियारा लिहिलं होतं. वन्सं पाळण्यात वाकल्या, बाळाच्या कानाशी पुटपुटल्या, मग सरळ होऊन बायकांना म्हणाल्या, "शेवंती."

भावजी भिंतीकडे बघत राहिले. "ताई, हे काय?"

"शेवंती म्हणजे फूल. म्हापशाच्या बाजारात मिळता. कोणाक विचारूक नको."

पंगत उठल्यावर मी रांधपाच्या खोलीत त्यांना गाठलं. "वन्सं, तुम्हाला कसं कळलं?"

"तू काय मागणस नाय, भांडणस नाय. माका संशय इलो. मागल्या दारात उबी रवान आयकलंय. निजयताना तू चेडवाक शेवंती म्हणी होतंस." मग त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि खिरीचा वास घेऊन बघितला.

वन्सं जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवंती शाळेत जाते. वर्गात तिच्या नावाची दुसरी कोणी नाही.

गेल्या महिन्यात सावंतवाडीला माझ्या भावाला मुलगी झाली. आत्या मी. नाव सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे, मला फक्त कानात सांगायचं आहे. काल फोनवर मी वहिनीला विचारलं, तुला आवडलं ना? ती म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते."

बारसं रविवारी आहे. मी उद्याच निघते.