डोळा म्हणायचा, ‘अजून’

आमचे मामा रंगाच्या दुकानात रंग कालवायचे. कुणी नमुन्याचा तुकडा पुढे केला की त्यांचं नाक मुरडलंच. “तोंडानं सांगा. भिंत कुठली? ऊन किती येतं?” मग डोळे बारीक करून ते डब्यात काठी फिरवत राहायचे, आपल्याच तंद्रीत.

उतारवयात मोतीबिंदू आला. दुसऱ्या कुणी तो लपवला असता. मामा गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, “माझा डोळा निळा कमी दाखवतो. तो ‘अजून घाल’ म्हणत असतानाच मी हात आवरतो.” स्वतःच्या खोडीची एवढी खडान्‌खडा माहिती असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच त्यांचा रंग चुकत नसे.

पुढे ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते दिवसभर खिडकीत बसून होते. “आभाळ एवढं निळं होतं होय?” असं स्वतःशीच म्हणत होते.

त्यानंतर मामीनं अंथरूण धरलं. तिचं मागणं एकच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या खोलीची निळी भिंत तिला समोर हवी होती. ती खोली कधीच पाडली गेली होती. मामांनी मोठ्या तोऱ्यात रंग कालवला, समोरची भिंत रंगवली. मामी बराच वेळ बघत राहिली.

“छान आहे हो. पण ही आपली नाही.”

मामांचं तोंड एवढंसं झालं. मला मामीचाच राग आला. “आजारपणात तिला काय आठवतंय!” मी बोलून गेलो.

“तिला नावं ठेवू नकोस,” मामा म्हणाले. “डोळा नवा आला, हात जुनाच राहिला. अजूनही डोळ्याच्या आधीच थांबतो.”

“मग घाला की थोडा निळा!”

“किती? ती भिंत पाहिली तरण्या डोळ्यांनी, आठवत बसलो म्हाताऱ्या डोळ्यांनी. माझा माझ्यावर भरवसा नाही रे.”

त्यांनी डबा मामीच्या पलंगापाशी ओढला. “तू थांब म्हण.”

दुपार कलली होती. काठी संथ फिरत होती, पांढऱ्यात निळ्या रेघा वळत होत्या, विरत होत्या. मामीचे डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, झोपली.

“थांबा.”

मामांचा हात निळ्या डब्याकडे गेला. डोळा ‘अजून’ म्हणत असणार, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी निळ्याचं झाकण लावून टाकलं.

पुन्हा रंगवलेली भिंत वाळली, तशी मामी तिच्याकडे तोंड करून पडली.

“दारामागे छत्री ठेवलीत ना?” तिनं विचारलं.

या खोलीच्या दारामागे झाडूसुद्धा नव्हता.

“ठेवली,” मामा म्हणाले.