पाहुण्यांच्या चादरींचं कपाट

पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाने एकदा तरी आपल्या घरी मुक्कामाला यावं, एवढी एकच इच्छा धरून जन्माला आलेला माणूस मी पाहिला आहे; आणि तो माझा थोरला दीर आहे. भाऊजींनी लग्न केलं नाही. बँकेतली नोकरी केली, निवृत्त झाले, आणि बोरिवलीच्या आपल्या दोन खोल्यांत अर्ध्या तालुक्याला पुरतील एवढ्या चादरी, रजया, गोधड्या आणि अभ्रे घेऊन राहू लागले. संध्याकाळी दाराशी आलेल्या कोणालाही त्यांचा पहिला प्रश्न असतो, "राहताय ना?" गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी तो विचारला होता. तो बिचारा घाबरून रिकामं सिलिंडर न घेताच पळाला. आम्ही मुलुंडहून त्यांच्याकडे जेवायला गेलो की माझ्या नवऱ्याची एक चप्पल हटकून नाहीशी होते. कधी ती कुंडीमागे सापडते, कधी सोफ्याखाली, आणि आम्ही शोधत असताना भाऊजी निष्पाप चेहऱ्याने म्हणतात, "सापडत नाही ना? मग आता राहाच. टाकतो गाद्या."

त्यांचं बालपण परळच्या एका खोलीत गेलं. गावाहून कोणी इस्पितळासाठी यायचं, कोणी नोकरीच्या मुलाखतीला, कोणी लग्नाच्या खरेदीला, आणि सगळे उतरायचे यांच्याकडेच. अंथरुणं टाकली की जमीन दिसायची नाही. कुणाच्या कुशीत कुणाचे पाय, आणि अंधारात चाललेल्या गावच्या गजाली. भाऊजींना झोप लागायची ती त्या कुजबुजीत. आता नातेवाईक येतात ते येतानाच परतीच्या गाडीचं मोबाइलवर बघत येतात. "माणूस जेवून गेला म्हणजे आला असं नव्हे," भाऊजी म्हणतात, "झोपला, की आला."

त्या न येणाऱ्या पाहुण्यांच्या चादरी मात्र ते राजेशाही थाटात ठेवत. डांबराच्या गोळ्यांना घरात मज्जाव. पाहुण्याला दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं म्हणून. घडीघडीत बकुळीची सुकी फुलं. मे महिन्यात तर एक चादर फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी, थंड होत ठेवलेली असे. न जाणो, कोणी उन्हातून आलं आणि राहिलं तर! आणि प्रत्येक चादरीचा इतिहास त्यांना तोंडपाठ. "ही सोलापुरी बघ. हिच्यावर आमच्या आत्याचे सासरे पाय मोडून महिनाभर पडले होते. काय सुंदर दिवस होते ते!"

दिवाण भरला, माळा भरला, वॉशिंग मशीनही भरलं, आणि एका रजईला कसर लागली. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "अगं, एक जुनं लाकडी कपाट घ्यायचंय. फक्त चादरींचं. तू चल. लोखंडी नको, लोखंडात कापड गुदमरतं. नवीन नको, नवीन लाकडाला माणसांची सवय नसते."

जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात आम्ही किती फेऱ्या मारल्या ते विचारू नका. भाऊजी प्रत्येक कपाटाचं दार उघडत, कमरेपर्यंत आत शिरत आणि दीर्घ श्वास घेत. मग आतूनच घुमलेल्या आवाजात निकाल येई. "यात फायली होत्या. वकिलाचं असणार. नको." एका दुकानदाराने कौतुकाने शंभर वर्षांचं म्हणून एक नक्षीदार कपाट दाखवलं. भाऊजींनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे म्हातारं झालेलं नाही हो. म्हातारं केलंय." दुसऱ्या एका कपाटात ते सोबत आणलेली रजई ठेवून दार लावून शांतपणे उभे राहिले. दुकानदाराने मला हळूच विचारलं, "अंकल क्या कर रहे हैं?" मी म्हटलं, "रजईला विचारतायत." शेवटी कंटाळून त्यानेच हात जोडले. "अंकल, वाकोल्यात एक आंटी आहे. तिचं कपाट मी कधीपासून मागतोय, देत नाही मला. तुम्हीच जावा. तुमचं जमेल. दोघं एकसारखेच."

वाकोल्याच्या गल्लीत लाकडी जिन्याचं एक छोटं घर होतं. घर बिल्डरला दिलेलं, आणि बाई मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेल्या. सत्तरीच्या, फुलाफुलांचा झगा, केस बॉबकट. कपाट होतं सागवानी, खाली रुंद खण, वर दोन दारं, आणि दारांना लाकडाऐवजी वेताची जाळी. भाऊजी आत शिरले आणि बाहेर यायलाच तयार होईनात. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "यात पाहुण्यांचाच वास आहे," ते म्हणाले.

बाई विरघळल्या नाहीत. "घरी किती माणसं, मिस्टर?"

"मी एकटा."

"मग एवढं मोठं कपाट काय करणार?"

"पाहुण्यांसाठी."

"येतात काय?"

भाऊजींनी वेताच्या जाळीवरची नसलेली धूळ पुसली. "येतील," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग कपाटातली एक पांढरी चादर काढून झटक्यात उलगडली, दोन टोकं स्वतः धरली आणि दोन पुढे केली. "धरा." भाऊजींनी आयुष्यभर चादरीची घडी घातली ती एकट्याने, मधली कड हनुवटीखाली दाबून. समोरून कोणी टोक पुढे करतं, हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. ते गोंधळले. मग दोघांनी चादर ताणली, झटकली, आणि एकमेकांकडे चालत आले. बाईंनी त्यांच्या हातातली टोकं घेतली, भाऊजींनी वाकून खालची घडी उचलली. एक झाली, दुसरी झाली. आधीच नीट घातलेल्या घड्या मोडून त्या दोघांनी कपाटातल्या सगळ्या चादरींची पुन्हा घडी घातली. मी चहाचा कप धरून स्टुलावर बसून राहिले. पैशांचं बोलणं दोघांनी मागाहून, लाजत लाजत उरकलं.

कपाट लिफ्टमध्ये मावलं नाही. जिन्याने चढवताना भाऊजी हमालांना सारखे बजावत होते, "हळू रे, हळू, आतल्या पाहुण्यांना त्रास होतो." अख्खी सोसायटी दारात उभी होती. आणि पुढच्याच आठवड्यात समजलं, की बाईंचं घर ठरल्यापेक्षा आधी रिकामं करायचंय आणि विमानाआधीचे दोन दिवस त्या हॉटेलात काढणार आहेत. "हॉटेलात?" भाऊजी फोनवर ओरडलेच. "मॅडम, तुमचं कपाट इथे आहे आणि तुम्ही हॉटेलात?" मग लोक काय म्हणतील म्हणून आम्हा नवराबायकोलाही राहायला बोलावलं गेलं, आणि प्रथमच चप्पल न हरवता आम्ही मुक्काम केला. बाईंनी स्वतः कपाट उघडून चादर निवडली. बाहेरच्या खोलीत भाऊजी आणि माझा नवरा, आतल्या खोलीत मी आणि बाई. पडल्या पडल्या त्या आपल्या दिवंगत नवऱ्याच्या खोड्या सांगत होत्या, मी हसत होते, आणि भिंतीपलीकडून भाऊजींचं शांत, तृप्त घोरणं येत होतं.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. दर रविवारी त्यांचा फोन येतो. पावसाळ्यात कपाटाचं डावं दार फुगून घट्ट बसलं, तेव्हापासून तर भाऊजी रविवारची वाटच बघत असतात. मेणबत्ती घासा, बाई सांगतात. कडेला, वरून खाली, हलक्या हाताने. हे तासभर चालतं.

परवा मी गेले होते. ते दार उघडायला मला अक्षरशः पाय रोवून ओढावं लागलं. म्हटलं, "भाऊजी, अजून मेणबत्ती घासली नाहीत?"

"घासायचीय."

"मी सुताराला बोलावू का? दोन मिनिटांचं काम."

"नको गं," भाऊजी घाईघाईने म्हणाले, आणि त्या फुगलेल्या दारावरून त्यांनी हळूच हात फिरवला. "दार नीट उघडायला लागलं, तर रविवारी त्यांना सांगायचं काय?"