गठ्ठ्याच्या तळाचं जर्नल

पनवेलच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. आता सांगतोय ते मी घरीसुद्धा कधी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी प्रॅक्टिकल परीक्षा होती. डोंगराखालच्या वाडीतली एक विद्यार्थिनी सगळ्यांच्या आधी येऊन दारात उभी होती. तळोज्याच्या एका कारखान्यात ती कंत्राटावर दुसऱ्या पाळीला जायची. त्यावरच तिचं शिक्षण चाललं होतं.

"सर, दीडला कंपनीची बस हाय. दोन खाडे झालेत. आज चुकली तर कंत्राटदार ठेवायचा नाय. मला पयलं सोडाल ना?"

"दे जर्नल. पहिला नंबर तुझाच."

मी ते टेबलावर ठेवलं. बाकीची मुलं येत गेली, तशी त्यांची जर्नलं त्यावरच ठेवत गेलो. बाहेरून आलेले परीक्षक चहा संपवून बसले आणि वरून एकेक उचलू लागले. माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. दुसऱ्याच जर्नलला लक्षात आलं होतं. गठ्ठा उलटा केला की झालं असतं. पण माणूस तिरसट, उगाच मध्ये कशाला बोला, म्हणून गप्प बसलो.

तिचा नंबर आला तेव्हा दोन वाजून गेले होते. तिच्या वाट्याला आला होता स्टॅक वापरून शब्द उलटा करायचा प्रोग्राम. एकेक अक्षर आत ढकलायचं, मग वरून एकेक काढायचं. स्क्रीनवर शब्द बरोबर उलटा उमटला.

"पाठ केलंयस की समजलंय?" परीक्षक हसले. "सांग, सगळ्यात आधी आत गेलेलं अक्षर बाहेर कधी येणार?"

"सगळ्यात शेवटी, सर."

उत्तर त्यांना दिलं, पण बघत माझ्याकडे होती.

"वा! मग तोंड का पाडलंयस, बाई? पास आहेस की!"

चार दिवसांनी ती पुन्हा आली. कंत्राटदाराने काढून टाकलं होतं. परीक्षेमुळे उशीर झाला असं कॉलेजच्या कागदावर लिहून द्या, म्हणाली. परत घेतील कदाचित.

"असं पत्र कॉलेज देत नाही," मी म्हणालो.

देतं. माझी सही पुरली असती. पण मग उशीर का झाला, तेही कोणीतरी विचारलं असतं.

पुढच्या सत्राचा फॉर्म तिने भरला नाही. तिची मार्कशीट माझ्या कपाटात पडून आहे. मीही वाडीवर गेलो नाही. लांब नाही फार.

आता परीक्षक बसायच्या आत मी न चुकता गठ्ठा उलटा करतो. जो आधी आला तो आधी सुटतो, आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसतो.