धोट्याची खूण

"वाजता काय गो?"

आमच्या लालबागच्या चाळीत शेजारचे काका दारातून हे विचारायचे आणि माझ्या उत्तराआधीच कुत्र्याकडे बघायचे. कुत्रा थरथरत असला, की वाजतंय. गिरणीतल्या मागांनी काकांचे कान कधीच नेले होते. बाहेर ताशा असो की फटाका, त्यांना बातमी मिळायची ती खाटेखालून.

कुत्रा वीतभर. नाव धोटा, मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यावरून. गेल्या विसर्जनाला तो ढोलांना घाबरून पळाला आणि तिसऱ्या दिवशी परळच्या पुलाखाली सापडला. काकांना दुसरं कोणी नव्हतं. "औंदा तसा होवचा नाय," ते म्हणाले. गणपती तीन महिन्यांवर होते.

मग रोज दुपारी काका सुक्या बोंबलाचे तुकडे घेऊन धोट्यासमोर बसायचे. स्टीलचं ताट वाजवायचं काम माझं, कारण आवाज किती झाला ते त्यांना कळायचं नाही. आधी बोटाने, काही दिवसांनी चमच्याने, मग लाटण्याने. ताट वाजलं की तुकडा. धोट्याने शेपूट घातली की पुन्हा बोटावर यायचं.

एकदा मी शहाणपणा केला. मोबाईलवर ढोलपथक लावून आवाज वाढवला. धोटा खाटेखाली गेला तो रात्री जेवायलाही बाहेर आला नाही. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी "म्हयन्याचा काम पाण्यात घातलंस" म्हणत त्यांनी ताट पुन्हा माझ्याच हातात दिलं. मला रडूच आलं.

ताट वाजताना काका छातीवर तळहात ठेवून दोनदा थोपटायचे. मागांच्या गोंगाटात शब्द ऐकू यायचा नाही, म्हणून कामगार हातांनी बोलायचे, त्यातली ही खूण. धोटा हळूहळू ताट सोडून त्या हाताकडे बघायला लागला. मी अर्थ विचारला.

"सायब इलो."

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारला.

"चाय पियाक चल."

तिसऱ्यांदा नुसतेच हसले. माझी फिरकी घेत होते की खरंच विसरले होते? तुम्ही समोर असतात तरी तुम्हाला सांगता आलं नसतं.

माझा आणखी एक गोंधळ होता. "काका, हा घाबरायचा थांबला, तर वाजतंय ते तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी धोट्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू सांग."

गणपतीच्या दोन आठवडे आधी काका झोपेतच गेले. धोटा माझ्याकडे आला.

आगमनाच्या दिवशी ढोल चाळीखाली आले. खिडक्यांची तावदानं हलायला लागली. धोटा पळाला नाही, खाटेखालीही गेला नाही. थरथरत माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्या हाताकडे बघू लागला. मी छातीवर तळहात ठेवला, दोनदा थोपटलं. त्या खुणेने मी त्याला साहेब आला म्हणाले, की चहाला चल, मला अजून माहीत नाही. त्याने माझ्या पावलांवर अंग टाकलं. थोड्या वेळाने त्याची थरथर थांबली.

मी काकांच्या बंद दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "वाजतंय, काका."